केटबद्दल कुणी बोलणार आहे का?

'अंडरग्राउंड' परवा पुन्हा पाहिला. १९२८ सालचा ब्रिटिश मूकपट, दिग्दर्शक अँथनी अ‍ॅस्क्विथ. या सिनेमाचा विषय निघाला की सगळे बिल आणि नेलच्या प्रेमात रमतात. मला मात्र केट झोपू देत नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (शेवटही सांगतेय, आधीच माफी मागते). नेल लंडनच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर, बिल भुयारी रेल्वेत पोर्टर, बर्ट वीजकेंद्रात कामाला. केट भाड्याच्या खोलीत बसून शिवणकाम करते. सुरुवातीच्या पाटीतच सांगून टाकलंय की ही रोज राबणाऱ्या साध्या माणसांची गोष्ट आहे. नावंही नुसती नेल, बिल, केट, बर्ट. आडनाव कुणालाच नाही.

अ‍ॅस्क्विथ म्हणजे माजी पंतप्रधानांचा मुलगा, वय जेमतेम पंचवीस. पण डब्यातली दाटी, सरकत्या जिन्यावरची ये-जा, पबमधली मारामारी अशी टिपलीय की हा पोरगा त्यांच्यातच वाढलाय असं वाटावं.

आणि केट. तिचा बर्टवर जीव, बर्टला हवी नेल. तो लग्नाची आशा दाखवतो आणि बिलवर खोटा आळ घ्यायला लावतो. ती घेते. इथे बरेच जण तिला खलनायिका ठरवून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही. एकट्या, हातावर पोट असलेल्या बाईला 'मी तुझ्याशी लग्न करतो' या शब्दांचं वजन काय असेल? केटची भूमिका करणाऱ्या नोरा बॅरिंगचे डोळे बघा. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून काही अडत नाही.

शेवटी ती जाब विचारायला बर्टला गाठते, चेल्सीच्या लॉट्स रोड वीजकेंद्रात. भुयारी गाड्या याच केंद्राच्या विजेवर धावायच्या. झटापटीत त्याच विजेच्या धक्क्याने केट जाते.

त्यानंतरचा पाठलाग थरारक आहे, वीजकेंद्राच्या छपरावरून थेट भुयारापर्यंत. ब्रिटिश मूकपटांत असं थोडंच सापडेल. पण मी तिथेच, त्या यंत्रांपाशी अडकून राहते. कुणीतरी घटकाभर तिच्यापाशी थांबायला हवं होतं. सिनेमा थांबत नाही. बर्ट पकडला जातो, बिल आणि नेल गाडीत शेजारी बसतात, गाडी सुटते.

केटच्या खोलीत अर्धवट शिवलेले कपडे तसेच पडले असतील.