'नाजा 200' आणि तीन तासांची थाप

पावसाळा लागला की सर्पदंशावरच्या औषधाचा तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो आमच्या आत्याच्या फोनवर पोचला. तिने तो नुसता वाचला नाही, तालुक्याच्या बाजाराला गेली तेव्हा बाटलीही घेऊन आली. "पोरं चिखलात उभी असतात, घरात असलेली बरी," म्हणाली. भातलावणीच्या दिवसांत पान लागायची, म्हणजे साप चावायची, भीती असतेच, त्यामुळे तिची काळजी खोटी नाही. राग मेसेज लिहिणाऱ्याचा आहे, आणि तो काही केल्या जात नाही.

मेसेज थोडक्यात असा. भारतात 550 जातींचे साप आहेत, त्यातले फक्त 10 विषारी. माणसं विषाने नाही, भीतीने मरतात. विष सगळ्या अंगात पसरायला तीन तास लागतात, तेवढ्यात 'नाजा 200' या होमिओपॅथिक औषधाचा एकेक थेंब दहा दहा मिनिटांनी तीनदा जिभेवर टाका, माणूस वाचलाच. जखमेच्या वर घट्ट बांधा, सिरिंजचं टोक कापून विष ओढून काढा. दवाखान्यातलं इंजेक्शन हजारो रुपयांचं, ही बाटली पाच-दहा रुपयांची. शंभर जणांचे प्राण वाचवते, प्रत्येक घरात ठेवा.

आधी जे अर्धं खरं आहे ते देऊन टाकतो. बहुतेक साप बिनविषारी असतात, मान्य. आकडे तेवढे चुकलेत. आपल्याकडे तीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या साठेक विषारी. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असंही नाही. घाबरलेल्या माणसाला धीर द्यावा, हेही बरोबर. पण शेतात आणि घराच्या आसपास गाठ पडते ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्याशी. एकूण जाती किती, याने पायाखाली आलेल्या घोणसाला काय फरक पडतो?

आता गंमत बघा. बरेचसे दंश बिनविषारी सापांचे किंवा कोरडे, म्हणजे विष न सोडलेले, असतील, तर त्या माणसांच्या जिभेवर थेंब टाका, साखर टाका नाहीतर अंगारा लावा, ती जगणारच. मग गावभर होतं, 'आमच्या अमक्याला थेंबाने गुण आला.' मांत्रिकाचं दुकानही याच हिशेबावर चालत आलंय. म्हणजे मेसेजचा पहिला मुद्दाच त्याच्या औषधाची हवा काढतो, आणि हे पुढे पाठवणाऱ्या एकाच्याही लक्षात येत नाही!

त्या थेंबात असतं काय? मूळ पदार्थ नागाचं विष. 200 हा आकडा म्हणजे एक भाग पदार्थात नव्याण्णव भाग द्रावक, त्या मिश्रणाचा एक भाग घेऊन पुन्हा नव्याण्णव, असं दोनशे वेळा. एकावर चारशे शून्यं इतकं पातळ. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ विषाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपत येते, पुढच्या पायऱ्या म्हणजे द्रावकात द्रावक. डोळ्यांना आणि दुर्बिणींना दिसू शकणाऱ्या अख्ख्या विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ऐंशी शून्यं धरतात, यावरून काय ते समजा. आणि समजा विष उरलं असतं, तरी जिभेवरच्या विषाने रक्तातलं विष मरत नाही. त्यासाठी प्रतिद्रव्यं लागतात. घोड्यांना विषाची थोडी थोडी मात्रा टोचून, त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं शुद्ध करून प्रतिविष बनवतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम कैक दशकं केलंय. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीतून डॉक्टरांना नेऊन दाखवायची काही गरज नाही.

थेंब नुसता निरुपयोगी असता तर मी हसून सोडून दिलं असतं. माणसं मारतात ते 'तीन तास'. नागाच्या विषाने कधी कधी तासाभराच्या आतही श्वास अडकू शकतो. मण्यारीचा प्रकार आणखी फसवा. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं अपचन. अशा वेळी दहा दहा मिनिटांच्या अंतराने थेंब टाकत बसलेलं घर डोळ्यांसमोर आणा. थेंबानंतर जरा बरं वाटतंय म्हणून आणखी अर्धा तास, मग गाडी शोधायला अर्धा तास. घोणसाचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं, मूत्रपिंडं निकामी करतं. प्रतिविष रक्तात फिरणारं विष निकामी करतं, पण एकदा झालेली इजा मागे नेत नाही. म्हणून वेळ महत्त्वाचा.

हे मी मनाने सांगत नाही. 'मिलियन डेथ स्टडी' या देशभरच्या मृत्यूंच्या पाहणीनुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58,000. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. याच पाहणीवरच्या 2011 च्या लेखात दिसतं की सर्पदंशाचे फक्त 23 टक्के मृत्यू दवाखान्यात झाले, बाकीचे बाहेर. घरी, वाटेत, कुणाच्या तरी अंगणात. लोक मरतात ते दवाखान्याबाहेर. भीतीने मरतात म्हणणाऱ्याने एवढं तरी वाचावं.

घट्ट बांधणं आणि सिरिंज यावर फार बोलायला नको. बांधल्याने विष थांबत नाही, हातपाय मात्र सडू शकतो. कुणी बांधलंच असेल तर घरी सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडू द्या. कापणं, चोखणं, ओढणं यांनी जखम वाढते.

राहिला खर्च. सरकारी रुग्णालयात प्रतिविष फुकट मिळतं. खासगीत व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं तर बिल मोठं होतं, हे खरं. प्रतिविषाची रिॲक्शनही येऊ शकते. म्हणून तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून देतात. 'डॉक्टर उगाच दहा-दहा बाटल्या चढवतात' हाही एक आवडता आरोप. साधारण तेवढीच मात्रा सुरुवातीला लागते, आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच, कारण सापाने विष वय बघून सोडलेलं नसतं.

घरात ठेवायचंच असेल तर चांगली टॉर्च ठेवा, गमबूट ठेवा. जमिनीवर झोपणाऱ्यांची खाटेची सोय करा, तेही जमत नसेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. साप चावला तर अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, हातपाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, कुशीवर झोपवून न्या. सगळ्यात आधी, आजच, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा: सापाचं इंजेक्शन आत्ता शिल्लक आहे का, आणि रात्री डॉक्टर असतात का? एका जरी प्रश्नाला 'नाही' आलं, तर पुढचं उपजिल्हा रुग्णालय कुठलं तेही विचारून घ्या. आणि रात्री दोन वाजता वाडीतल्या कुणाची गाडी निघेल, त्याचा नंबर 108 च्या खाली दारामागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.