‘खात्यापित्या घरचे चोचले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘पैसे मोजून घ्यावीत अशी काही ॲप’ या माझ्या मागील लेखात मी कागदपत्रांच्या स्कॅनरपासून थ्रीमा या संदेशांच्या ॲपपर्यंत काही ॲप विकत घ्यायला सुचवले होते. त्या लेखाखाली ‘एक जुना वाचक’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी तिचा विपर्यास केला असे कोणाला म्हणता येऊ नये, म्हणून ती जशीच्या तशी येथे उतरवतो.

“लेख वाचून करमणूक झाली. जे फुकट मिळते त्यासाठी पैसे मोजायला सांगणे हे खात्यापित्या घरचे चोचले आहेत, विरार लोकलला लटकणाऱ्या माणसाला असले सल्ले देऊ नयेत. ‘एकदाच पैसे भरा’ म्हणून घेतलेली ॲप पुढे बंद पडतात किंवा वर्गणी मागू लागतात, त्याचे काय? थ्रीमा घेतले तर त्यावर बोलायला माणसे कुठून आणायची? आणि पैसे घेणारा आपली माहिती विकत नाही, याची हमी कोण देणार?”

एरवी अशा प्रतिक्रियेला तिच्याखालीच दोन ओळींचे उत्तर देऊन मी मोकळा होतो. या वेळी तसे केले नाही, कारण यातले दुसरे वाक्य एकट्या माझ्यासाठी नाही; ॲपसाठी पैसे मोजणाऱ्या कोणालाही ते ऐकवले जाते, आणि ऐकवणाऱ्याची अशी प्रामाणिक समजूत असते की आपण गरिबाची बाजू घेत आहोत. लेखाने आपली करमणूक झाली याचा मला आनंद आहे. ती विनामूल्य झाली, हेही नोंदवून ठेवतो.

महाशय, मी कोणत्या घरचा आहे हे आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा सांगतो. माझे लहानपण कुर्ल्याच्या नेहरूनगरमध्ये म्हाडाच्या वसाहतीत गेले, आणि वडील बेस्टमध्ये वाहक होते. आमच्याकडे टीव्ही मजल्यावरच्या सर्व घरांनंतर आला, परंतु ग्रंथालयाची वर्गणी आणि पेपरवाल्याचे बिल कधी थकल्याचे मला आठवत नाही; शेजारच्यांचा पेपर दुपारी मागून आणता येत असतानाही वडील तो विकत घेत असत. त्याला त्या वसाहतीत कोणी चोचले म्हटले नाही. विरार लोकलचे म्हणाल, तर अंधेरीला मेट्रो येण्यापूर्वी, म्हणजे २०१४ च्या आधी, मी डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून अंधेरीला नोकरीसाठी जात असे, आणि धक्क्यांच्या बाबतीत मध्य रेल्वे पश्चिम रेल्वेला हार जाईल असे मला वाटत नाही. हे सांगण्याची वेळ यावी याचे वाईट वाटते, परंतु युक्तिवादाऐवजी घराणे काढण्याची सुरुवात माझ्याकडून झालेली नाही.

ती अंधेरीची नोकरी या विषयाशी थेट संबंधित आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. एका लहानशा कंपनीत आम्ही अँड्रॉइडसाठी फुकट ॲप बनवत असू: राशिभविष्य, रिंगटोन, टॉर्च. या ॲपना ग्राहक होते, परंतु ते म्हणजे ॲप उतरवून घेणारी माणसे नव्हेत; आम्हाला पैसे देणाऱ्या जाहिरात कंपन्या हे आमचे ग्राहक. जाहिरात दाखवण्याचे काम आम्ही स्वतः लिहिलेला कोड करत नसे. जाहिरात कंपनीकडून तयार कोडचा गठ्ठा येई, त्याला एसडीके म्हणत, आणि तो आपल्या ॲपमध्ये घालणे याला आमच्याकडे सरळ ‘एसडीके टाकणे’ असेच म्हटले जाई. एका ॲपमध्ये एकच एसडीके टाकून भागत नसे, कारण एका कंपनीकडे त्या क्षणी दाखवायला जाहिरात नसली तर दुसरीकडे असावी लागे.

आता यातली जी गोष्ट लेखात एका वाक्यात उरकली होती, ती येथे नीट मांडतो, कारण आपले ‘फुकट’ याच ठिकाणी संपते. अँड्रॉइडमध्ये परवानगी ॲपला मिळते, ॲपमधल्या अमुक एका कोडला मिळत नाही. याचा अर्थ असा की आपण एखाद्या ॲपला स्थान पाहण्याची किंवा फोनमधील फाइली वाचण्याची परवानगी दिली, तर त्यात बसवलेल्या प्रत्येक एसडीकेला ती आपोआप मिळते, मग तो कोड कोणत्या देशातल्या कोणत्या कंपनीने लिहिला आहे हे ॲप बनवणाऱ्यालाही पुरते माहीत नसले तरी. त्या काळी तर ॲप बसवतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. वापरतेवेळी एकेक परवानगी विचारण्याची पद्धत २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून आली. आमच्या टॉर्चला स्थानाची परवानगी कशासाठी हवी, असे मी एकदा बैठकीत विचारले होते. ‘एसडीकेला लागते’ एवढेच उत्तर मिळाले, आणि बैठक पुढे सरकली.

ही केवळ आमच्या कंपनीची रीत नव्हती. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट फ्री’ या टॉर्चच्या ॲपविरुद्धची कारवाई जाहीर केली. कोट्यवधी वेळा उतरवून घेतलेले हे ॲप वापरणाऱ्याचे नेमके स्थान आणि फोनचा ओळख क्रमांक जाहिरात कंपन्यांकडे पाठवत होते, आणि वापरणाऱ्याने अटी मान्य करण्याच्या आधीच ही पाठवणी सुरू होत होती. फोनच्या मागचा दिवा लावण्यासाठी माणूस कुठे उभा आहे हे कळावे लागत नाही, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

टॉर्च किरकोळ वाटत असेल तर कॅमस्कॅनर या कागदपत्रे स्कॅन करण्याच्या ॲपचे उदाहरण घ्या. आपल्याकडे हे ॲप कसे वापरले जात होते हे आपल्याला आठवत असेल: आधार, पॅन, लिव्ह अँड लायसन्सचा करार, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मुलांच्या प्रवेशाचे दाखले, सगळे त्यातून जाई. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्याच्या अँड्रॉइडवरील फुकट आवृत्तीत एक घातक भाग सापडला, जो बाहेरून आणखी कोड फोनमध्ये उतरवून घेऊ शकत होता. तो भाग ॲपच्या मूळ कोडमध्ये नव्हता, तर जाहिरातींसाठी बसवलेल्या तिसऱ्याच कंपनीच्या एसडीकेमधून आला होता. गुगलने ते ॲप तेव्हा प्ले स्टोअरवरून काढले, आणि नवी आवृत्ती आल्यावर ते परत आले. (जून २०२० मध्ये भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यांतही ते होते, परंतु त्याचे कारण वेगळे.) मी लेखात स्कॅनरसाठी पैसे मोजा असे का लिहिले, याचे उत्तर एवढेच आहे. जाहिरात नसेल तर जाहिरातीचा एसडीके टाकण्याचे कारण उरत नाही. विरारहून येणाऱ्या माणसाचे आधार कार्ड मलबार हिलवरच्या माणसाच्या आधार कार्डापेक्षा कमी जपावे, असे आपले म्हणणे असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

किमतीबद्दल तर आपण आकडा देण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. भारतात पैसे मोजून घ्यायच्या ॲपची किमान किंमत गुगलने २०१५ साली ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. मी सुचवलेली सगळी ॲप १० रुपयांत मिळतात असा माझा दावा नाही, परंतु पॉवरॲम्प आणि मून प्लस रीडर प्रो यांचे पैसे एकदा भरले की महिन्याला पुन्हा हात पसरला जात नाही. पॉवरॲम्प फोनमध्ये साठवलेली गाणी वाजवते, त्याला नेटवर्क लागत नाही आणि दोन गाण्यांच्या मध्ये कोणी शीतपेय विकायला येत नाही. आधी चाचणी आवृत्ती वापरून पाहता येते. मून प्लस रीडर प्रोवर मी रोजच्या प्रवासात पुस्तके वाचत आलो आहे, आणि एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने वाचताना अंगठा चुकून जाहिरातीवर पडू नये हे सुख लहान नाही. ॲप पसंत पडले नाही, तर खरेदीपासून ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरकडे परताव्याची विनंती करता येते. शिवाय प्ले स्टोअरची फॅमिली लायब्ररी ही सोय सुरू केली, तर एकाने विकत घेतलेली अनेक ॲप घरातील आणखी पाच जणांना वापरता येतात, फक्त ॲपच्या आत जाऊन केलेली खरेदी त्यात वाटली जात नाही. हा सगळा तपशील मूळ लेखात होता. आपण तो वाचलात की शीर्षक पाहूनच करमणूक झाली, हे मला कळायला मार्ग नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो: प्रत्येक ॲपसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. लोकलचे वेळापत्रक मी स्वतः एम-इंडिकेटरवर, जाहिरातींसह, फुकटच पाहतो. व्हिडिओसाठी व्हीएलसी पुरेसे आहे. ते व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था चालवते आणि त्यात जाहिरात नसते. परंतु व्हीएलसीकडे बोट दाखवून ‘बघा, सगळे फुकट चालते’ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की असे काम कोणाच्या तरी पदरच्या वेळावर आणि देणग्यांवर चालते. सिग्नल हे संदेशांचे ॲप फुकट आहे, पण ते चालवणाऱ्या संस्थेनेच नोव्हेंबर २०२३ मध्ये लिहिले की २०२५ पर्यंत वर्षाचा खर्च सुमारे ५ कोटी डॉलरवर जाईल. ‘सिंपल मोबाइल टूल्स’ ही मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही घेता येतो अशा ॲपची सुंदर मालिका, साधी गॅलरी, साधे कॅलेंडर, कुठे जाहिरात नसे, तीही २०२३ च्या अखेरीस तिच्या निर्मात्याने दुसऱ्या कंपनीला विकली. काही जणांनी तिचा जुना कोड घेऊन ‘फॉसिफाय’ या नावाने काम पुढे चालू ठेवले म्हणून बरे. आपल्यापैकी किती जणांनी ती फुकट वापरली आणि किती जणांनी निर्मात्याला काही पाठवले, हा प्रश्न मी आपल्याला विचारत नाही. उत्तराचा अंदाज आहे.

व्हॉट्सॲपचेच पाहा. त्याची पूर्वी वर्षाला एक डॉलर अशी फी होती, आणि तेव्हा ‘हा संदेश दहा जणांना पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲपला पैसे पडतील’ असे संदेश घराघरांतून फिरत असत. एवढ्या पैशांची धास्ती घेणारा तो समाज श्रीमंत नव्हता हे खरे, परंतु २०१४ मध्ये फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले आणि जानेवारी २०१६ मध्ये फी बंद झाली, तेव्हा ते पैसे आता कुठून वसूल होणार असे विचारणारा एकही संदेश मला आला नाही.

आता उरलेले मुद्दे. ‘एकदाच पैसे भरा’ म्हणून घेतलेले ॲप बंद पडू शकते, हे कोणाला ठाऊक नाही? डार्क स्काय हे हवामानाचे उत्तम ॲप २०२० मध्ये ॲपलने विकत घेतले, त्याच वर्षी ते अँड्रॉइडवर बंद झाले, आणि २०२२ संपताना आयफोनवरही गेले. फुकट ॲपही बंद पडतातच. वर्गणीचे म्हणाल, तर खात्यातून दर वेळी आपोआप होणाऱ्या आवर्ती वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे हा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. ती सूचना न वाचणाऱ्याला मी काय सांगणार? थ्रीमावर माणसे कमी आहेत हे मी लेखातच लिहिले होते, आणि माझ्या ओळखीची तेथे जी मोजकी माणसे आहेत त्यांच्याशीच मला तसे बोलायचे असते. हमीचा प्रश्न मोठा आहे, त्याला स्वतंत्र लेख लागेल, आणि त्यासाठी ही जागा नाही.

लेखाखाली कोणत्याही ॲपचा कमिशनचा दुवा, म्हणजे ज्यावरून खरेदी झाली की मला पैसे मिळतील असा दुवा, नव्हता, यापुढेही नसेल. दुसऱ्या एका वाचकाने आडून तसे सुचवले आहे म्हणून लिहिले. आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा टोपणनाव चालेल, परंतु आपण कागदपत्रांसाठी कोणते फुकट स्कॅनर वापरता त्याचे नाव तेवढे द्यावे. त्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या परवानग्यांचे पान उघडून पाहावे, आणि तेथे स्थानाची परवानगी चालू दिसली तर ती कशासाठी लागते तेही प्रतिक्रियेत लिहावे.