ठिपका दिसला की एमएस?

दोन आठवड्यांपासून नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर तीनदा आला. "मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसले की तो मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसच. एमआरआय नॉर्मल असेल तर एमएस नाहीच. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन आणि पाठीतलं पाणी काढणं हा नुसता बिल फुगवायचा धंदा."

एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ले करते. मी इथल्या एका सेंटरवर एमआरआयचं मशीन चालवतो. रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, पण असल्या मेसेजनं घाबरलेली माणसं आधी माझ्याच टेबलाशी येतात.

परवा सिन्नरचे एक काका आले, वय साठीच्या पुढे. गेल्या वर्षीची फिल्म भाच्यानं खिडकीशी धरून ठिपके मोजले होते. अकरा. रिपोर्टात 'नॉन-स्पेसिफिक', म्हणजे कुठल्याही एका आजाराकडे बोट न दाखवणारे, असं लिहिलेलं, ते कोणी वाचलंच नाही. काकांना बीपी वीस वर्षांचं. असे ठिपके वाढत्या वयात, बीपीत, डायबेटिसमध्ये, अगदी मायग्रेनवाल्या तरुण पोरींतही दिसतात.

ठिपके किती, यापेक्षा ते कुठे आहेत हे बघतात. एमएसचे डाग बहुधा मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना चिकटून असतात. लांबट, पोकळीतून बोटं फुटावीत तसे; त्यांना 'डॉसनची बोटं' म्हणतात. एमएस ठरवायचे मॅकडोनाल्ड निकष 2001 साली आले. 2017 च्या सुधारणेत चार जागा धरल्या होत्या: पोकळ्यांभोवती, मेंदूच्या सालीत किंवा सालीलगत, खाली ब्रेनस्टेम-लहान मेंदूत, आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत. त्यानुसार यातल्या किमान दोन ठिकाणी डाग हवे होते. आणि त्याआधी सहसा तक्रार एमएससारखी हवी: एका डोळ्यानं अंधुक दिसणं, डोळा फिरवताना दुखणं, लाल रंग फिका वाटणं, किंवा दिवसेंदिवस न उतरणारा बधिरपणा. भाच्यानं यातलं काहीच विचारलं नव्हतं.

'नॉर्मल म्हणजे नाहीच' हेही अर्धवट. फक्त मेंदूचा स्कॅन काढला आणि डाग मानेच्या मज्जारज्जूत असला, तर तो दिसणार कुठून?

आता बिलाचं. डाग ताजा असेल तर गॅडोलिनियम, म्हणजे कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनमधलं द्रव्य, शोषून काही आठवडे उजळतो. जुना उजळत नाही. एकाच स्कॅनमध्ये दोन्ही सापडले, तर हल्ले वेगवेगळ्या वेळी झाले हे कळतं, दुसऱ्या हल्ल्याची वाट बघावी लागत नाही. पाठीतल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांचे पट्टे) सापडले, तर 2017 च्या निकषांत तोही पुरावा चालतो. मात्र दर फॉलो-अपला कॉन्ट्रास्ट लागतोच असं नाही. "का देताय?" हे डॉक्टरांना जरूर विचारा, किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा.

मेसेजच्या शेवटी "लगेच एमएसची औषधं सुरू करा" असंही आहे. माझा खरा राग त्यावर आहे. एनएमओ नावाचा आजार मुख्यतः डोळ्याची नस आणि मज्जारज्जू धरतो, वरवर एमएसच वाटतो. पण एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, त्यात आजार वाढवतात. म्हणून शंका आली की न्यूरॉलॉजिस्ट अ‍ॅक्वापोरिन-4 ची, म्हणजे एनएमओ ओळखायची, रक्ततपासणी सांगतात.

काकांना म्हटलं, फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही डॉक्टरांना दाखवा. फिल्म पिशवीत सरकवताना त्यांनी हळूच विचारलं, "मग बीपीची गोळी परत सुरू करू का? भाचा म्हणाला, हा नसांचा आजार आहे, तिचा उपयोग नाही." चार दिवस बंद होती. नर्सनं तिथंच बीपी मोजलं आणि काका सिन्नरची एसटी सोडून आधी त्यांच्या डॉक्टरकडे गेले.