सहाशे सदतीस फेऱ्यांचा फेरा

आमच्या जीपचे जुने इंजिन जितके पेट्रोल पीत असे, जवळजवळ तितकेच ऑइलही पीत असल्यामुळे, गेल्या उन्हाळ्यात मी परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी घेऊन त्याच्या जागी एक संगणकनियंत्रित इंजिन, त्याच्या गिअरबॉक्ससकट, बसवून घ्यायचे ठरवले. कोल्हापूरच्या उद्यमनगर भागातील ज्या मेस्त्रींनी हे काम अंगावर घेतले, त्यांनी इंजिनचे पाय, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी) यांमधली जोडपट्टी, रेडिएटरचे पाइप ही सगळी कठीण कामे तीन आठवड्यांत लीलया उरकली. वेग दाखवणारा काटा हे या व्यवहारातले किरकोळ काम आहे, असे आम्हा दोघांचेही मत होते.

जुन्या मीटरला केबल होती आणि तिचा काटा चाळीस ते साठच्या दरम्यान सतत थरथरत असे. नव्या जमान्यात ही थरथर नको, म्हणून मी केबल आणि मीटर दोन्ही भंगारवाल्याला मोठ्या उदार मनाने देऊन टाकले आणि जुन्या बाजारातून एक गोल, इलेक्ट्रॉनिक, जपानी पद्धतीचे मीटर आणले. डॅशबोर्डच्या भोकात ते अगदी शिवून घेतल्यासारखे बसले. पहिल्या फेरीत काटा शून्यावरून हलला नाही आणि शिवाय प्रत्येक चौकात गाडी थांबायला आली, की इंजिनही तिच्याबरोबर थांबू लागले. शोध घेता गिअरबॉक्सच्या वेग मोजणाऱ्या सेन्सरमधून निघालेल्या दोन वायरी काळ्या टेपमध्ये गुंडाळून निगुतीने बांधून ठेवलेल्या आढळल्या.

"त्या जादा आल्या हुत्या साहेब, म्हणून टेप मारून ठेवल्या," मेस्त्री म्हणाले.

वास्तविक त्या वायरी म्हणजेच सगळी कथा होती, कारण गाडी धावते आहे की थांबते आहे हे इंजिनच्या संगणकाला त्यांच्यावरूनच कळते आणि त्यानुसार तो, पाय अॅक्सिलरेटरवर नसताना इंजिन संथ फिरत राहावे म्हणून लागणारी हवा सांभाळतो. वायरी जोडताच इंजिन शहाणे झाले, पण काटा ढिम्म राहिला. सेन्सर होता चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा, म्हणजे लाटेसारखा चढउतार करणारा आणि गाडी हळू असताना अगदीच क्षीण होणारा संदेश देणारा. मीटरला मात्र हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर) देतो तसा चौकोनी, 'आहे' किंवा 'नाही' इतकेच सांगणारा ठोका हवा होता. एकाने आळवून सांगायचे आणि दुसऱ्याने फक्त हो-नाही ऐकायचे, असा तो संवाद असल्यामुळे मध्ये दुभाषी म्हणून एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी बसवावी लागली.

डबी बसताच काटा जागा झाला, आणि तोही असा, की गाडी अंगणात न्यूट्रलमध्ये उभी असताना मी अॅक्सिलरेटर दाबला तरी तो नव्वदवर जाऊ लागला. सेन्सरची वायर इग्निशन कॉइलच्या वायरीला बिलगून आणली होती, त्यामुळे ठिणगीचा प्रत्येक ठोका मीटर वेग म्हणून मोजत होते. जाळीदार वेष्टनाची वायर आणून, वेष्टनाचे एकच टोक गाडीच्या सांगाड्याला अर्थिंग म्हणून जोडून, ती दुसऱ्या वाटेने फिरवल्यावर हा जागच्या जागी होणारा प्रवास थांबला.

त्यानंतरची चाचणी मी कधी विसरणार नाही. काटा 76 वर होता, मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरले होते, आणि डावीकडून दुधाचे कॅन लटकवलेली एक सायकल मला मागे टाकून शांतपणे पुढे गेली. मोबाइलवरचा जीपीएस 20 सांगत होता.

"गाडी पळत्याय न्हवं? मग काट्याचं कशाला मनावर घेताय?" मेस्त्रींनी विचारले.

पण मी मनावर घेतले होते. जपानी पद्धतीत मीटरची केबल एका किलोमीटरला 637 फेरे घेते, असा संकेत आहे. केबल गेली तरी हा आकडा गेला नाही. एका फेऱ्याला चार ठोके धरून इलेक्ट्रॉनिक मीटर किलोमीटरला 2548 ठोक्यांची अपेक्षा करते. मी टायरला खडूची खूण करून, स्वतः सीटवर बसून, सौभाग्यवतींकडून गाडी ढकलवून, चाकाचा एक फेरा मोजून घेतला. तो 2.23 मीटर भरला. (या कामात तिने मांडलेली मते येथे देत नाही.) किलोमीटरला चाकाचे 448 फेरे, मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर 5.38 (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला त्याला फिरवणाऱ्या शाफ्टचे 5.38 फेरे) असल्यामुळे शाफ्टचे सुमारे 2412, आणि सेन्सर एका फेऱ्याला चार ठोके देणारा, म्हणजे मीटरकडे जात होते जवळजवळ 9650 ठोके. अपेक्षेच्या 3.79 पट! भागाकार करणारी आणखी एक डबी आणली, तिची बारीक बटणे टाचणीने सरकवली आणि महामार्गावर काटा साठवर धरून मी किलोमीटरच्या दगडामागून दगड पार करू लागलो. बाजूला सौभाग्यवती घड्याळ घेऊन बसल्या होत्या. एकोणसाठ सेकंद, साठ सेकंद, पुन्हा साठ. त्या दिवशी मी घरी परतताना पेढे घेतले.

जुलैमध्ये आईला घेऊन शेतावर गेलो. उसाच्या कडेच्या वाटेवर घोटाभर चिखल होता, म्हणून ट्रान्स्फर केसचा लो गिअर, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारा गिअर, टाकला. जीप मुंगीच्या पावलाने निघाली आणि काटा चढत चढत विसावर जाऊन थांबला.

"अरे, एवढ्या चिखलात वीसनं काय दामटतोयस?" आई दांडीला धरून ओरडली. शेजारून आमचा कुत्रा, जीभ बाहेर काढून, आमच्या बरोबरीने चालत होता.

सेन्सर गिअरबॉक्समध्ये होता, म्हणजे ट्रान्स्फर केसच्या अलीकडे, त्यामुळे लो गिअरमध्ये शाफ्टची गती सुमारे अडीच पट घटते याची त्याला गंधवार्ताही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रींना विचारले, की ठोके थेट ट्रान्स्फर केसच्या पलीकडून घेता येणार नाहीत का. त्यांनी गाडीखाली वाकून, केसच्या मागच्या अंगाला स्क्रू मारून बंद केलेल्या एका भोकावर बोट ठेवले.

"हितनंच तर जुनी केबल निघत हुती. तुमचं आपलं, जुनं काय बी ठेवू नका म्हणून."

सध्या मी उद्यमनगरच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे एक थरथरता काटा शोधतो आहे.