जांभळी आसावली आणि कोपऱ्यातली जोडवी

मागच्या दिवाळीच्या आधी, ऐन गिऱ्हाइकीत, आमच्या वेबसाइटच्या मेलवर एका बाईंचा मेल आला. आमचं पैठणला साड्यांचं छोटं दुकान, वेबसाइट भाच्यानं बनवून दिलेली, त्याच्यावरून महिन्याला पाच-सहा साड्या जातात, बास. मेलमध्ये एवढंच की तुमच्या अमुक पानावरचा जांभळ्या आसावलीचा, म्हणजे वेलफुलांच्या नक्षीच्या पैठणीचा, फोटो माझाय, काढून टाका. माझं टाळकंच सरकलं. म्हणलं आसावली काय हिच्या घरची हाय का? बांगडी मोर, मुनिया, नारळी, ही नक्षी पिढ्यान्‌पिढ्या मागावर चाललीय, आता हिला विचारून धंदा करायचा? चांगला लांबलचक रिप्लाय टाइप पण केला होता.

पाठवायच्या आधी तिनं जोडलेला मूळ फोटो मोठा करून बघितला. खाली डाव्या कोपऱ्यात पायाची दोन बोटं अन् जोडवी. पदर आईनं धरलाय, ही बोटं तिची, असं लिहिलं होतं. आमच्या साइटवर तीच बोटं, तीच जोडवी, फक्त खालचं तिच्या दुकानाचं नाव कापलेलं! भाच्याला फोन लावला तर म्हणतो, "मामा, ग्रुपवर आला होता, सगळेच टाकतात ना."

इथंच आपलं चुकतं बघा. नक्षी सगळ्यांची, पण फोटो तिचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढला की त्याचा हक्क काढणाऱ्याला आपोआप येतो, नोंदणी केलीच पाहिजे असं काही नाही. हां, पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसलं तर तो आपला. ग्रुपवर आलेला कुणाचाच नसतो हे कुणी शिकवलं देव जाणे.

बाजारातल्या एकानं मला सल्ला दिला, "३६ तास असतात, बस निवांत." अरे बाबा, ते ३६ तास ज्यांच्या साइटवर दुसरीच लोकं फोटो टाकतात त्यांच्यासाठी. नियमाप्रमाणं लेखी तक्रार आली की त्यांनी तेवढ्या वेळात ते बंद करायचं, अन् तक्रार करणाऱ्यानं २१ दिवसांत कोर्टाचा आदेश नाही आणला तर परत चालू करता येतं. आम्ही तर स्वतःच्या हातानं चिकटवलेला, आम्हाला कसले तास! त्याच रात्री काढला, बाईंना माफी मागून कळवलं, सकाळी उत्तर आलं, "ठीक आहे."

आता खरी तक्रार कोणती हे पण कळायला पाहिजे. खरी तक्रार कोणता फोटो, कोणत्या पानावर, माझा कसा, हे सांगते. मधी मला दुसरा मेसेज आला, तुमच्या पेजवर कॉपीराइट केस झालीय, २४ तासांत इथं लॉगिन करा नाहीतर पेज बंद. कोणता फोटो त्याचा पत्ता नाही, नुसती लिंक. पासवर्ड काढायचा धंदा सगळा, डिलीट मारला.

आणि साइटवर तक्रारीसाठी एक मेल ठेवा, रोज उघडत जा. ती बाई सरळ वकिलाकडं गेली असती तर ऐन दिवाळीत मी कुठं पळलो असतो?

आता फोटो आम्हीच काढतो, सकाळी गच्चीवर, ऊन चढायच्या आत, नाहीतर जरीचं काम नुसतं पांढरं दिसतं. पदर बायको धरते. परवा एकात तिची जोडवी आली, भाचा कापायला निघाला होता, म्हणलं राहू दे.