वेल्सच्या सरदारावरचा लेख कसा छापावा

दिवाळी अंक हातात आला आणि माझाच लेख मला ओळखू येईना. तेव्हा मध्ययुगीन वेल्समधल्या एखाद्या सरदारावरच्या लेखावर संस्कार करू इच्छिणाऱ्या सर्व होतकरू संपादकांसाठी हे मार्गदर्शन. नमुन्याला ओवाइन ग्लिनदूरच घेऊ. नाहीतरी त्याच्यात आता कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेला वेगळा देश, तरी सुरुवातीलाच 'वेल्स' दिसेल तिथे 'इंग्लंड' करून टाका. माणूस इंग्लंडच्या राजाशी दहा-बारा वर्षं लढला, हे अजिबात मनावर घेऊ नका. 'इंग्लंडच्या या सरदाराने इंग्लंडच्या जोखडातून इंग्लंड मुक्त करण्याचा विडा उचलला' असं वाक्यही खपून जातं. माझ्या नावावर खपलंय.

गावांची नावं संगणकावर सोपवा. 1404 मध्ये त्याने माखन्लेथला संसद भरवली, असं मी लिहिलं होतं. अंकात ती माखनलाल येथे भरली आहे.

शीर्षक 'इंग्लंडचे शिवाजी महाराज' ठेवा. म्हणजे दोघांपैकी कुणाबद्दलच काही वाचायला नको.

आता बंडाचं कारण. कारण एकच ठेवायचं: बांधाचं भांडण. शेजारच्या रिथिनच्या लॉर्ड ग्रेशी जमिनीवरून वाद, हा भडकला, 16 सप्टेंबर 1400 रोजी स्वतःला प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे वेल्सचा अधिपती, जाहीर केलं आणि लगोलग रिथिनवर चालून गेला. खोटं नाही यात काही. भावकीचा बांध आपल्या वाचकाला चटकन कळतो, मग पुढचं पानभर हवंय कशाला? उडवा. गडी चाळिशीचा होता, खाऊनपिऊन सुखी होता, सासरा न्यायाधीश होता, तो स्वतः इंग्लंडच्याच राजाच्या सैन्यातून स्कॉटलंडला जाऊन आला होता, हेही उडवा. सखार्थच्या त्याच्या वाड्याला खंदक होता, तळं होतं, गिरणी होती, कबुतरखाना होता आणि दाराला कुलूप क्वचितच दिसायचं, असं इयोलो गोख नावाच्या कवीने लिहून ठेवलंय. तो वाडा 1403 मध्ये इंग्लंडच्या युवराजाने जाळला. असलं घर माणूस एका पट्टीसाठी पणाला लावेल? बरं, त्याने लावलं. पण ऑक्सफर्डमधले वेल्श विद्यार्थी अभ्यास टाकून, इंग्लंडात राबणारे मजूर काम टाकून घरी धावले, त्यांचा कुठला बांध होता हो ग्रेशी? इंग्लंडने 1283 पर्यंत वेल्स जिंकून झाल्यावर किल्ल्यांच्या आडोशाने इंग्रजांची गावं वसवली, तिथला व्यापार आणि अधिकार इंग्रजांच्या हाती दिला. शंभरावर वर्षं हे मुरत होतं. बंड पेटल्यावर तर कायदेच केले: वेल्श माणसाने इंग्रजी गावांत जमीन घ्यायची नाही, शस्त्र बाळगायचं नाही, अधिकारपदावर बसायचं नाही. वेल्श बायको केली तर इंग्रजालाही पद नाही. भाटांना पोसायचं नाही. भाटांना! गाणी म्हणणाऱ्या माणसांची एवढी धास्ती! हे कायदे 1624 पर्यंत रद्द झाले नाहीत. आणि यावर तुमच्या उपसंपादकाचं वाक्य काय, तर 'किरकोळ वादातून ठिणगी पडली.' किरकोळ!

असो. मार्गदर्शन चालू आहे.

तो जादूगार होता म्हणतात, तेव्हा जादूटोणा ठेवा, चित्रासकट. शेक्सपिअरनेही ठेवलाय.

पेनालचं पत्र रुक्ष आहे, कापा. 1406 मध्ये त्याने फ्रान्सच्या राजाला लिहिलेलं पत्र ते. वेल्सचं चर्च इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या आर्चबिशपच्या हाताखालून सोडवा आणि आम्हाला दोन विद्यापीठं हवीत, एक उत्तरेला, एक दक्षिणेला, असं त्यात म्हटलंय. पारडं त्याच्याविरुद्ध फिरायला लागलं होतं आणि हा माणूस विद्यापीठं मागत होता. वेल्सला विद्यापीठ मिळालं 1893 मध्ये, चर्च वेगळं झालं 1920 मध्ये. पत्र आजही पॅरिसच्या अभिलेखागारात आहे. पण तुम्हाला चेटकी टोपी घातलेल्या म्हाताऱ्यासाठी अर्धं पान हवं होतं.

शेवट गूढ करा. 'आणि तो अंतर्धान पावला.'

आता सरळच बोलते. अंतर्धान-बिंतर्धान काही नाही. 1412 नंतर तो दिसेनासा झाला, पण कुणाच्या हाती लागला नाही, कारण त्याच्या माणसांनी त्याला धरून दिलं नाही. बाकीच्यांचं काय झालं ते मी लिहिलं होतं. 1409 मध्ये त्याच्या ताब्यातला हार्लेखचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. जावई मॉर्टिमर वेढ्यातच गेला. बायको मार्गारेट, मुली, नाती यांना कैद करून लंडनच्या टॉवरमध्ये नेलं. मुलगी कात्रिन आणि तिच्या लेकी यांना लंडनमध्ये पुरल्याच्या खर्चाची 1413 मधली नोंद सरकारी हिशेबात आहे. पाच ओळी होत्या. काहीही कापा, एवढ्या ठेवा, असं मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. तिथे मसाल्याची जाहिरात आहे.

वर मलाच ऐकवता, 'मॅडम, वाचकाला कुठे एवढं कळतंय?' वाचकाला सगळं कळतं. लेख तुम्ही वाचला नाहीत. पहिला परिच्छेद वाचून पुढे हात चालवलात, निदान तेवढं तरी कबूल करा. मानधन राहू द्या तुमच्याकडे. पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापा, ठळक अक्षरात: 'माखनलाल' नव्हे, 'माखन्लेथ'. आणि त्या पाच ओळी.