म्हणे, प्रमाणपत्र काढू नका!

रामबागेतल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर फिरणारा तो लांबलचक मेसेज इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांत पोहोचलाय. 'पालकांनो सावधान! मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढू नका. २०१६च्या कायद्याच्या कलम १२-ब प्रमाणे अशा मुलाला साधी शाळा प्रवेश नाकारू शकते, त्याला विशेष शाळेतच जावं लागतं. बोर्डाची परीक्षा देता येत नाही. विमा मिळत नाही.' खाली 'एक वकील', नाव नाही.

एरवी मी असले मेसेज न वाचताच उडवते. पण हा वाचून माझ्या नणंदेने मुलाच्या प्रमाणपत्रासाठी मिळालेली मेडिकल बोर्डाची तारीख सोडून दिली. मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम आहे. समग्र आयडीची (मध्य प्रदेशातलं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स, सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट, पासपोर्ट फोटो, सगळी फाइल तयार, आणि मला म्हणते, "वहिनी, एकदा शिक्का बसला तर पुसता येईल का?"

आधी ते कलम पाहू. १२-ब त्या कायद्यात, म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, नाहीच. १२ आहे, पण ते दिव्यांग माणसाला कोर्टात दाद मागताना अडचण येऊ नये यासाठी. शाळेचं वाचायचं तर १६ आणि ३१ वाचा. १६ म्हणतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, सगळ्यांबरोबर शिकवावं. मान्यता म्हटलं की खाजगी शाळाही आल्या. भाषा मात्र 'सरकारने तसा प्रयत्न करावा' अशी मऊ आहे, हे कबूल. ३१ तसं मऊ नाही. ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याला हवं तिथे. निवड मुलाची, म्हणजे त्याच्या आईबापाची, प्रिन्सिपलबाईंची नव्हे. आणि हे ४० टक्के कशावरून ठरतात? त्याच प्रमाणपत्रावरून! ज्या कागदाने दार उघडतं तोच कागद काढू नका, असं सांगणाऱ्या वकिलाची सनद मला एकदा बघायचीय.

शिक्षण हक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मुलं वंचित गटात मोडतात. म्हणजे खाजगी शाळेतल्या वंचितांसाठी राखीव २५ टक्के जागांच्या लॉटरीसाठी अर्ज करता येतो. अर्जाला काय जोडायचं, ते सांगायला नकोच.

बोर्डाची परीक्षा? सीबीएसईत अशा मुलांना लेखनिक मिळतो, दर तासाला २० मिनिटं जास्त मिळतात, तिसऱ्या भाषेतून सूट मिळते. ओपन स्कूल, म्हणजे रोज शाळेत न जाता परीक्षा देणं, हा आणखी एक रस्ता आहे, सक्ती नाही.

विम्याचं तर उलटंच आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठीच आहे. वर्षाला १ लाखापर्यंत कवच, त्यात थेरपीचा खर्चही येतो.

आता जे खरं आहे तेही सांगते, नाहीतर मी फेकाफेकी करते म्हणाल. लहान मुलाला बहुतेकदा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, मुदत संपली की पुन्हा मेडिकल बोर्डापुढे जावं लागतं, वैताग येतो. पुष्कळ शाळांत स्पेशल एज्युकेटर (विशेष शिक्षक) नसतो, आणि मग शॅडो टीचरचा, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणाऱ्या शिक्षकाचा, पगार आईबापाच्या खिशातून जातो. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये प्राथमिकला अशा १० मुलांमागे १ आणि त्यापुढच्या वर्गांत १५ मागे १ विशेष शिक्षक हवा, असं सांगितलं. प्रत्यक्षात ते किती शाळांत दिसतं, ते पालकांना ठाऊक आहे. पण हा दोष शाळांचा आहे, प्रमाणपत्राचा नव्हे. प्रमाणपत्र फाडून टाकलं म्हणून शिक्षक येणार नाही.

शाळा सहसा 'नाही' असं तोंडी म्हणते: "आमच्याकडे सोय नाही, तुमच्याच मुलाचे हाल होतील." अशा वेळी अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकारही लेखी मागा. बऱ्याचदा लेखी म्हटलं की सूर बदलतो. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची मुलाखत घेत असतील तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ दाखवा, पहिल्या चुकीला २५ हजारांपर्यंत दंड आहे. तरीही ऐकलं नाही तर जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार, आणि तिची प्रत भोपाळला दिव्यांग आयुक्तांकडे. दोन्हींना मुलाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा.